घृणास्पद काय?

इंग्रजीत ‘अ‍ॅबहॉरंट’ असे एक विशेषण आहे. त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ अंगावर काटा येऊन मागे सरणे, असा होतो. मराठीत त्यासाठी ‘घृणास्पद’ हा शब्द योजतात.

नावडीच्या छटा मराठीत पुष्कळ आहेत. रोज गोड खाल्ले, की त्याचा वीट येतो. म्हणून गोड वाईट ठरत नाही. नासलेल्या अन्नाची किळस येते, शिसारी येते. तेथे शरीर आधी बोलते, विचार मागून येतो. लबाडीचा तिटकारा असतो. तिरस्कारात दुसऱ्याला तुच्छ लेखणे येते, तर द्वेषात त्याचे वाईट व्हावे अशी इच्छा असते.

‘घृणा’ या शब्दाची कथा मात्र निराळी आहे. अमरकोशात तो करुणेच्या पर्यायांत आढळतो! जुगुप्सा हाही त्याचा अर्थ तेथे दिलेला आहे. मराठीत दयेचा अर्थ मावळला. पण ‘निर्घृण’ या शब्दात तो अद्याप जिवंत आहे. निर्घृण म्हणजे ज्याला दया नाही असा.

‘आस्पद’ म्हणजे स्थान. आदरास्पद, हास्यास्पद, संशयास्पद हे शब्द असेच बनले आहेत. घृणास्पद म्हणजे घृणेचे स्थान. मग ते स्थान कोणते मानावे? हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. पुढे काही सवर्णांनी ते तळे विटाळले असे मानून त्याचे ‘शुद्धीकरण’ केले. त्यांच्या लेखी माणसाचा स्पर्शच किळसवाणा होता. विशेषण चुकीच्या नामाला चिकटले की असे होते.

पाच वर्षांनी हाच विषय येरवड्याच्या तुरुंगात आला. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांच्या निवाड्याने दलितांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबर रोजी तुरुंगात उपोषण आरंभिले. हिंदू समाज कायमचा दुभंगेल, ही त्यांची भीती. राजकीय हक्कांवाचून दलितांना संरक्षण नाही, हे आंबेडकरांचे म्हणणे. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. मतदारसंघ संयुक्त राहिले, आणि प्रांतिक विधिमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. उपायाविषयी दोघांत तीव्र मतभेद होता व तो पुढेही मिटला नाही. अस्पृश्यता घृणास्पद आहे, याविषयी मात्र मतभेद नव्हता. दोघांनीही ते विशेषण रूढीला लावले.

कृत्य आणि कर्ता या भिन्न गोष्टी आहेत, हा विचार गांधीजींच्या आत्मकथेतही आला आहे. तो आचरणे कठीण खरे. ज्या तुरुंगाचे नाव लोक नाक मुरडून घेत, त्याला १९३० च्या आपल्या पत्रांत त्यांनी ‘येरवडा मंदिर’ म्हटले!

येरवड्यात मोठे मनोरुग्णालयही आहे. ‘याला येरवड्याला पाठवा’ अशी थट्टा पुण्यात सहज केली जाते. तिच्यात आजाराऐवजी आजारी माणूसच हसण्याचा विषय होतो. ‘घृणास्पद रोगी’ हा प्रयोग म्हणूनच चुकीचा. ‘रोग्याला मिळालेली घृणास्पद वागणूक’ हा बरोबर.