ठोशाचे बळ कोठून येते?



स्मरणिकेत धम्म, शिक्षण आणि समाजकार्य या विषयांवरचे लेख वाचण्याची आपणास सवय आहे. त्यात ठोसा कसा मारावा याचे काय काम, असे काही वडीलधाऱ्यांना वाटेल. परंतु आज खेड्यापाड्यांतील मुले-मुली कराटे आणि लाठी शिकू लागली आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांची अशी समजूत असते की दात-ओठ खाऊन, सर्व अंग आवळून मारले म्हणजे जोरात लागते. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

प्रथम आपल्या अंगणातलेच उदाहरण घेऊ. रिठदच्या शिवारात लाकूड फोडणाऱ्या एखाद्या जाणत्या माणसाकडे पाहा. तो कुऱ्हाडीचा दांडा गच्च दाबून धरीत नाही. घाव घालताना त्याचा एक हात दांड्यावरून सरकतो, खांदे मोकळे असतात, कमरेचा झोक मिळतो आणि पाते लाकडाला भिडते त्या क्षणी मूठ आवळली जाते. नवशिका मात्र पहिल्यापासून दांडा आवळून धरतो. दहा-वीस घावांत तो दमतो, तळहाताला फोड येतात आणि लाकूड तसेच राहते.

याचे कारण आपल्या शरीरातच आहे. दंडाच्या पुढच्या बाजूचा स्नायू कोपर वाकवतो आणि मागच्या बाजूचा स्नायू ते सरळ करतो. ठोसा मारताना काम मागच्या स्नायूचे असते. त्या वेळी पुढचा स्नायूही ताठ असेल, तर तो मागच्याला अडवतो. ब्रेक दाबून सायकल चालवण्यासारखाच हा प्रकार होय. येथे वेगाला फार किंमत आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. मुठीचा वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते. म्हणून ताठ हाताने आपण आपलेच बळ खातो.

मग नुसता सैल हात पुरेसा आहे काय? नाही. सैल हाताच्या मागे अंगाची बांधणी हवी. ठोशाचे बळ जमिनीपासून निघते. तळपाय जमिनीला रेटतो, तो रेटा मांडीतून कमरेत येतो, कंबर वळते, पाठ व खांदा तो पुढे नेतात आणि शेवटी तो मुठीतून बाहेर पडतो. या साखळीतील एक कडी जरी वाकडी झाली, तरी बळ तेथेच सांडते. आपल्या महाराष्ट्रातील दांडपट्ट्याचे उदाहरण येथे चांगले लागू पडते. पट्ट्याच्या मुठीवर लोखंडी खोबण असते व त्यात हाताचा पुढचा भाग बंद होतो. मनगट वळवता येत नाही. त्यामुळे पट्टा फिरवणाऱ्याला खांद्यातून, कमरेतून आणि पायांतूनच वार काढावा लागतो. केवळ हाताच्या जोरावर पट्टा चालत नाही.

बांधणी चुकली तर मार आपल्यालाच बसतो. कॉलेजच्या दिवसांत आम्ही वाळूच्या पोत्यावर रागारागाने ठोसे मारीत होतो. मूठ पोत्याला लागताच मनगट आत वाकले आणि पुढे पंधरा दिवस हाती पेन धरता आले नाही. मूठ तर्जनी व मधल्या बोटाच्या पेरांवर लागली पाहिजे आणि मनगट सरळ रेषेत राहिले पाहिजे, हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. करंगळीच्या बाजूने ठोसा बसला तर तेथील हाड मोडण्याचा धोका असतो.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे प्राध्यापक स्टुअर्ट मॅकगिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली निष्णात लढवय्यांचे स्नायू यंत्राने तपासून पाहिले. अनेक प्रहारांत त्यांना स्नायूंचे दोन झटके आढळले. पहिला झटका प्रहार सुरू करताना, नंतर क्षणभर शिथिलता आणि लागण्याच्या वेळी दुसरा झटका. आपला लाकूडफोड्या हेच काम अनुभवाने करीत आला आहे.

धम्माच्या अभ्यासकांना येथे सोण भिक्खूची आठवण होईल. सुखात वाढलेल्या या तरुणाने इतके कठोर परिश्रम केले की चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांविषयीच विचारले. फार ताणलेली तार नीट वाजत नाही, फार सैल तारही वाजत नाही. प्रयत्नही असाच समतोल असावा, हा त्या उपदेशाचा आशय. अंगाच्या तारेलाही तोच नियम आहे.

ही गोष्ट अंगापुरती मर्यादित नाही. अंग ताठ होते ते बहुधा भीतीने किंवा रागाने. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यानंतर आपल्या लोकांवर लाठ्यांनी हल्ला झाला. लष्करात नोकरी केलेली माणसे तेथे होती आणि उलट हात उचलणे त्यांना अवघड नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना शांत राहण्यास सांगितले. त्या तळ्याचा निकाल पुढे १९३७ साली उच्च न्यायालयात आपल्या बाजूने लागला. ज्याच्या अंगात बळ आहे, त्याच्या संयमालाच संयम म्हणता येते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. आत्मरक्षणाची विद्या शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने व मुलीने तो भेद मनात ठेवावा.

विद्यार्थ्यांनी पुढील सराव रोज दहा मिनिटे करावा.

१) एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले. खांदे कानांपर्यंत उचलावेत आणि श्वासाबरोबर एकदम सोडून द्यावेत. असे पाच वेळा करावे.

२) सरळ मनगटाने मूठ भिंतीवर टेकवावी व सावकाश भार द्यावा. अंग जेथे वाकते, तेथे आपली बांधणी कच्ची आहे असे समजावे.

३) हवेत अगदी सावकाश ठोसा मारावा. आधी टाच व कंबर वळावी, मागून हात यावा. शेवटी श्वास सोडून क्षणभर मूठ आवळावी आणि लगेच सैल करावी. कोपराला झटका देऊ नये.

४) हे अंगवळणी पडल्यावरच, हाताला पट्टी बांधून, जाणत्याच्या देखरेखीखाली पोत्यावर मारावे.

पहिले काही दिवस आपले ठोसे हलके वाटतील. त्याने निराश होऊ नये. पोते पूर्वीपेक्षा जास्त हलते आहे की नाही, एवढेच पाहावे. आणि ज्या दिवशी राग आलेला असेल, त्या दिवशी पोत्याला हात न लावता फक्त पहिला सराव करावा. आमच्या अनुभवाने, त्या दिवशीचा खरा धडा तोच असतो.