जबाबदारी हा वेगळा तास नव्हे



"मुलगा हुशार आहे, पण अभ्यासात मन लागत नाही," ही तक्रार येथे कॅरीत आम्हांस वारंवार ऐकावयास मिळते. शिकवणी लावली, बक्षिसाचे आमिष दाखविले, तरी गाडे अडलेलेच. अशा पालकांना आम्ही एवढेच विचारतो: ज्याच्यावाचून दुसऱ्याचे अडेल, असे एक तरी काम तुम्ही या मुलाकडे सोपविले आहे काय?

आपल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने २००१ साली कायदा करून शाळांत चारित्र्यशिक्षण आवश्यक केले. धैर्य, सारासार विचार, सचोटी, दयाळूपणा, चिकाटी, आदर, जबाबदारी आणि स्वयंशिस्त हे आठ गुण त्यात सांगितले असून नेहमीच्या अभ्यासक्रमातच ते गोवावेत, असा त्याचा रोख आहे. हे योग्यच होय. जबाबदारीची व्याख्या पाठ करून जबाबदारी अंगी येत नाही. ती सोपवावी लागते.

ती कशी सोपवावी, याचा क्रम शारीरिक शिक्षणाचे अमेरिकन प्राध्यापक डॉन हेलिसन यांनी घालून दिला. १९७० च्या दशकापासून त्यांनी शहरांतील हलाखीत वाढणाऱ्या मुलांबरोबर काम केले. त्यांच्या पाच पायऱ्या अशा:

१. दुसऱ्याचे हक्क व भावना जपणे.
२. मनापासून प्रयत्न करणे.
३. कोणी पाठीशी नसताही आपले काम आपण चालविणे.
४. इतरांना मदत करणे, पुढाकार घेणे.
५. हे सारे मैदानाबाहेर, घरी व समाजात आचरणे.

पुढे स्पेनमधील शिक्षकांनी व अभ्यासकांनी हीच पद्धत वर्गातील इतर विषयांनाही लावून पाहिली. आपणही विचार केल्यास वाट सापडते. गणितात सहलीचा खर्च मुलांनीच काढावा. विज्ञानाच्या प्रयोगात एकाने मोजावे, दुसऱ्याने नोंद करावी, तिसऱ्याने उपकरणे धुऊन ठेवावीत. एकाची नोंद चुकली की सर्वांचा निष्कर्ष चुकतो, हे त्यांना आपोआप कळते. भाषेच्या तासाला मोठ्या मुलाने लहानग्यास वाचून दाखवावे. लहानग्यापुढे अडखळू नये म्हणून मोठा आदल्या रात्री स्वतःहून वाचीत बसतो. तेथे बक्षीस लागत नाही. आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीवच त्याला पुढे ढकलते.

इतिहासासाठी तर आपल्या आडनावांसारखा दुसरा धडा नाही. किहीम गावावरून केहिमकर, पेणवरून पेणकर. याच केहिमकर घराण्यातील हाईम शमुएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने ओळखली गेली, आणि कु. रिबेका रूबेन यांनी अनेक वर्षे तिचे मुख्याध्यापकपद भूषविले. समाजाची मुले शिकावीत, हे काम दुसऱ्या कोणाचे नसून आपले आहे, असे कोणीतरी मानले म्हणून ती शाळा उभी राहिली. नातवंडांना हे सांगताना केवळ सनावळी सांगू नये, "आज असे कोणते काम आपली वाट पाहत आहे?" हेही विचारावे.

एक सावधगिरी मात्र हवी. जबाबदारी म्हणजे आज्ञापालन नव्हे. सांगितले तेवढेच करणारे मूल आज्ञाधारक असेल, पण निर्णय घ्यावयास ते शिकलेले नसते. म्हणून काम सोपविले की त्यात थोडी निवड मुलाची असू द्यावी, आणि चूक झाली तर ती आपण झाकू नये. त्यालाच निस्तरू द्यावी. आपण परदेशात राहणारे आईबाप आणि आजीआजोबा नेमके येथेच कमी पडतो. मुलांना क्लासला मोटारीने सोडतो, त्यांचे दप्तर भरतो, आणि मग म्हणतो की यांना कशाचीच कळकळ नाही!

तेव्हा एक गृहपाठ देतो. घरी पुढचा मलिदा होईल तेव्हा पाहुण्यांची यादी, पोह्यांचे, नारळांचे व गुळाचे माप आणि फळांची खरेदी बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडे द्यावी. हिशेब त्याचा, यादी मराठीत. एलियाहू हनाबीचे नाव का घेतो, हेही त्यानेच वडीलधाऱ्यांना विचारून पाहुण्यांना सांगावे. यात गणित आले, भाषा आली, इतिहास आला, धर्मही आला. पोहे कमी पडले तर पडू द्यावेत. पुढच्या खेपेस तो माप दोनदा तपासील. आणि आपल्यामागे हा मलिदा करणारे कोणीतरी उरेल.