पाकीट हरवलं? आधी कार्ड बंद, मग बाकीची धावपळ

धामणीच्या खंडोबाची माघी यात्रा असो, मंचरचा बाजार असो की पुण्याहून परतताना एसटीतली रेटारेटी, लोणीतल्या माणसाचं पाकीट गेलं की आधी जीव हळहळतो तो नोटांसाठी. नोटा बहुधा परत येत नाहीत. कागदपत्रं मात्र सगळी परत मिळतात आणि सरकारी दरानं ती महागही नाहीत. खरा भुर्दंड बसतो तो उशिराचा. म्हणून काय आधी करायचं आणि कशाला किती पडतं, हे घरात सगळ्यांना माहीत हवं.

पहिला अर्धा तास : बँक

एटीएम कार्ड हातात घेऊन बघा. त्यावर आडव्या लहरींसारख्या चार वक्र रेषा असतील, तर ते नुसतं मशीनजवळ धरूनही पैसे जातात. १ जानेवारी २०२१ पासून अशा एका व्यवहाराची मर्यादा ५,००० रुपये आहे आणि तेवढ्यापर्यंत पिन लागत नाही. म्हणून पाकीट शोधत बसण्याआधी कार्ड बंद करा. सापडलंच तर नवीन कार्डाचे पैसे जातील, खातं तरी वाचेल.

स्टेट बँकेचे टोल फ्री क्रमांक १८०० १२३४ आणि १८०० २१००. दुसऱ्या बँकेचा क्रमांक पासबुकावर किंवा बँकेच्या ॲपमध्ये असतो. फोनवर मिळालेला तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार तक्रार नोंदवल्यानंतर खात्यातून जे पैसे जातील, त्यांची जबाबदारी बँकेची. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी असे नियम लागू झाले. पण पिनची चिठ्ठी कार्डाच्याच कव्हरात खोचलेली असेल, तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान ग्राहकाच्या माथी. वडीलधाऱ्यांच्या पाकिटात ही चिठ्ठी हमखास असते. ती आजच काढा.

पैसे गेलेच असतील, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते ती पहिल्या काही तासांतच.

पोलिसांत नोंद : खर्च शून्य

पाकीट पडलं असेल तर गहाळ झाल्याची नोंद होते. खिसा कापला असेल तर ती चोरी, आणि तिचा गुन्हाच नोंदवायला हवा. प्रवासात नेमकं कुठे गेलं ते सांगता येत नसलं, तरी ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते, आणि गुन्ह्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते.

‘पाचशेच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र करून आणा’ असं कुणी सांगितलं, तर थांबा. सरकारी कार्यालयांत द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं.

एसटीत विसरलं असेल तर तिकीट फेकू नका. त्यावरून गाडी, फेरी आणि आगार कळतं. वाहकाला सापडलेली वस्तू आगारात जमा होते, तेव्हा थेट त्या आगारात चौकशी करा.

कशाला किती?

• आधार : ई-आधार मोफत डाउनलोड होतं आणि सगळीकडे चालतं. क्रमांक आठवत नसेल तर जोडलेल्या मोबाइलवरून तोही मोफत मिळतो, मदतीसाठी १९४७. प्लास्टिकचं पीव्हीसी कार्ड २०२० मध्ये ५० रुपयांत सुरू झालं. आजचा दर अर्ज करतानाच दिसतो. मोबाइल जोडलेला नसेल तर आधार केंद्रात जावं लागेल. त्याचे १ ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये.

• पॅन : त्याच क्रमांकाचं कार्ड पुन्हा छापून घरपोच, ५० रुपये.

• वाहन परवाना : आपल्याकडे पिंपरी-चिंचवड आरटीओ, म्हणजे एमएच १४. दुय्यम परवान्याचा अर्ज ‘सारथी’ या सरकारी पोर्टलवर करायचा. स्मार्ट कार्डाचं शुल्क २०० रुपये, एकूण रक्कम अर्ज भरताना दिसते. तोवर डिजिलॉकरमधला परवाना दाखवा. तो कायद्यानं मूळ परवान्याइतकाच ग्राह्य आहे.

• मतदार ओळखपत्र : ई-एपिक मोफत.

• एटीएम कार्ड : दर बँकेप्रमाणे. स्टेट बँकेत ३०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ३५४.

सगळं धरून खर्च सातशे-आठशेच्या आसपास. एजंटानं याच्या दुप्पट-तिप्पट मागितले, तर प्रत्येक रकमेची पावती मागा. पावती म्हटल्यावर आकडा खाली येतो.

पुढचे दोन-तीन महिने

नुसत्या आधार क्रमांकावर पैसे काढता येत नाहीत. त्याला बोटाचा ठसा किंवा ओटीपी लागतो. तरी आधारच्या ॲपवरून ठसे लॉक करून ठेवा, ते मोफत आहे. ‘तुमचं पाकीट सापडलंय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर सरळ कट करा. पाकीट परत द्यायला ओटीपी लागत नाही. पॅनच्या प्रतीवर कुणी कर्ज काढलंय का, हे पाहण्यासाठी प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. तो नक्की मागवा.

हरवण्याआधी करायचं

आज रात्री जेवणं झाल्यावर घरातली सगळी पाकिटं टेबलावर रिकामी करा. मूळ आधार, पॅन आणि जादाची एटीएम कार्डं कपाटात ठेवा. पाकिटात एकच कार्ड, त्या दिवसापुरती रोकड आणि आधारची साधी झेरॉक्स पुरे. बँकेच्या ॲपमधून ‘टॅप’ची मर्यादा कमी करा किंवा ती सोय बंदच करा. लागली की पुन्हा सुरू होते. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये घ्या, आणि बँकेचा टोल फ्री क्रमांक घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनमध्येही ठेवा, कारण पाकिटाबरोबर मोबाइलही जाऊ शकतो. पाकिटात एक चिठ्ठी घाला : फक्त नाव आणि घरातल्या एकाचा फोन नंबर. पत्ता नको, पिन तर नकोच. प्रामाणिक माणसाला पाकीट सापडलं, तर त्याला फोन करायला एवढं पुरतं.