पावसाआधी शटर बघून घ्या



भाताचं बियाणं, युरिया घरच्या शटरमागे ठेवता ना? मग हे काम मे महिन्यातच उरका. नवापूरच्या खाऱ्या वाऱ्यात शटर खालूनच गंजायला लागतं.

खालची पट्टी आणि दोन्ही बाजूंचे चॅनल गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या. गंज तारेच्या ब्रशने खरवडून पट्टीला रेड ऑक्साईड लावा. चॅनलमध्ये ग्रीस थापू नका, वाळू चिकटून शटर अडकतं. जळकं ऑईल तर नकोच, ते गोणींवर ठिबकतं. फडक्याने पातळ तेलाचा हात पुरे.

आता महत्त्वाचं. शटर कमरेपर्यंत उचला, पाय बाहेर ठेवा, हात सैल करा पण सोडू नका. तिथेच थांबलं तर स्प्रिंग ठीक. आपोआप खाली आलं तर स्प्रिंग ढिली झालीय. मग वापर बंद, मुलांना जवळ फिरकू देऊ नका. स्प्रिंग स्वतः खोलू नका. शटर बंद असतं तेव्हा ती सर्वात जास्त ताणलेली असते, सुटली तर हात मोडेल. फिटरच बोलवा. मोटरचं शटर असेल तर आधी मेन स्विच बंद.

गोणी शटरपासून हातभर आत, फळ्यांवर रचा.