ओझे कोठे ठेवावे?

महाडहून रायगडाकडे निघालेल्या वाटेवर नाते गाव मागे पडले, की पुढे कोंझरचा चढ लागतो आणि तो संपता संपता पाचाड येते. जिजामाता जेथे वास्तव्यास होत्या व 1674 साली जेथे त्यांचा देहान्त झाला, तेच हे पाचाड. भरलेली बैलगाडी या चढाने नेणे हे काम केवळ बैलांच्या बळाचे नव्हे. गाडी कशी भरली आहे, यावरच बरेचसे अवलंबून असते.

बैलगाडीला चाके दोनच. त्यामुळे ती आखावर तराजूसारखी तोललेली असते. ओझे आखाच्या मागे गेले, तर धुरा वर उचलला जातो, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते व गळ्याखालचा पट्टा त्यांचा श्वास कोंडतो. यालाच गाडी उलाळ होणे म्हणतात. ओझे फार पुढे आले, तर मान दबून सोलवटते. म्हणून जाणता गाडीवान ओझे आखाच्या किंचित पुढे ठेवतो.

हे ‘किंचित’ म्हणजे किती? समजा, ओझे 600 किलो आहे, जू आखापासून 3 मीटर दूर आहे आणि ओझ्याचा गुरुत्वमध्य आखापुढे 15 सेंटिमीटर आहे. सपाटीवर जुवावर 30 किलो भार येईल. आता दहा हातांस एक हात असा चढ लागला. पोती उंच रचल्यामुळे गुरुत्वमध्य आखाच्या वर 90 सेंटिमीटर असेल, तर तो सुमारे 9 सेंटिमीटर मागे कलतो आणि जुवावर जेमतेम 12 किलो उरतात. खड्ड्यातील एक हिसका बसला, की गाडी उलाळ! परतीच्या उतारावर मात्र तेच ओझे 48 किलोंनी मान दाबील. गुरुत्वमध्य 30 सेंटिमीटरच उंच असता, तर हे आकडे 24 व 36 झाले असते. जड पोती तळाशी आणि गवताचे भारे वर, या रीतीचे मर्म हेच. गाडीवान स्वतःही एक वजनच आहे; चढाला तो पुढे सरकतो, उताराला मागे.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर बैलगाड्यांच्या शर्यती होतात. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली अशा शर्यतींवर बंदी घातली होती. पुढे राज्याने कायद्यात केलेला बदल न्यायालयाने 2023 साली मान्य केला. शर्यतीची गाडी हलकी असते, त्यामुळे तिच्यात हाकणाऱ्याच्या वजनालाच महत्त्व येते. तो चुकीच्या बाजूस झुकला, तर वळणावर गाडी कलंडते.

अमेरिकेत तर मातीच्या गोल मार्गांवर मोटारी धावतात आणि बहुधा डावीकडेच वळतात. वळताना भार उजव्या चाकांकडे जातो, म्हणून कारागीर पुष्कळसे वजन आधीच डाव्या अंगास व मागे ठेवतात. माती ओलसर असली, की चाके तिला घट्ट धरतात. तेव्हा गाडी उलटू नये म्हणून सांगाडा खाली घेतात. माती सुकून गुळगुळीत झाली, की तो थोडा वर उचलतात. मग वळणावर गाडी अधिक कलते, बाहेरचे चाक मातीवर दाबून बसते व घसरणे कमी होते. बोटभर उंचीच्या फरकाने शर्यत हातची जाते.

इकडे पाचाडला गाडी पोहोचली, तरी गाडीवानाचे काम संपत नाही. तो धुऱ्याखाली टेकू लावतो, बैल सोडतो आणि मागची पोती आधी उतरवू लागतो. पुढची आधी काढली, तर धुरा उसळून वर जाईल.