पाना हातातून सोडू नकोस

मने, गाडी घेतलीस, छान केलंस. पहिल्याच महिन्यात एकटी कराडहून चिपळूणला आईकडे जाणार म्हणतेस, तेही छान. पण डिकीतली चटई उचलून खालची स्टेपनी एकदा तरी बघितलीस का? नसणारच. मीही सहा वर्षं बघितली नव्हती.

मग एकदा पाटण सोडलं आणि कोयनानगरच्या अलीकडे मागचं चाक बसलं. भर दुपार. जॅक कुठे ठेवलाय हेही मला ठाऊक नाही. स्टेपनी काढली, तर तीही दाबली की उशीसारखी आत जाणारी! दोन मोटरसायकलवाले थांबले. एकाने स्टेपनी नेऊन हवा भरून आणली, दुसऱ्याने चाक उतरवलं, आणि मी पर्स पोटाशी धरून सावलीत उभी. भले होते बिचारे. घरी पोचल्यावर मात्र मला माझाच राग आला.

खरं सांगू, यात ताकदीचं काम फार थोडं. गाडी रस्त्यापासून आत, सपाट जागी घे. हँडब्रेक ओढ, पहिला गिअर टाक, चारही इंडिकेटर लाव. लाल त्रिकोण मागे चांगला पन्नास पावलांवर. पंक्चर चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला दगड लाव.

आता जॅककडे धावू नकोस. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच नट अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. गाडी उचलल्यावर जोर लावलास तर चाकच गरगर फिरतं. नट हलत नसेल तर पाना असा अडकव की दांडा डावीकडे आडवा येईल, आणि गाडीला धरून त्याच्यावर पाय दे. हाताने नाही, वजनाने. पहिल्यांदा 'कर्रक्' असा आवाज येतो, मला वाटलं काहीतरी मोडलं! मोडलं नव्हतं, नट सुटला होता.

चाकाजवळ गाडीच्या खालच्या कडेला दोन खाचा असतात, बोटाने चाचपून बघ. जॅक तिथेच. भलतीकडे लावलास तर पत्रा चेपतो. चाक उतरवलं की ते गाडीखाली सरकवून ठेव, जॅक घसरला तरी गाडी त्यावर टेकेल. आणि काही झालं तरी स्वतः खाली वाकून शिरायचं नाही.

स्टेपनी चढवताना नटाची निमुळती बाजू आत. एक आवळला की त्याच्या समोरचा. डब्याचं झाकण एकाच बाजूने दाबलं की दुसरीकडून उचकटतं ना, तसंच हे. शेवटची घट्ट पिळणी गाडी खाली उतरवल्यावर, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना फिरवून बघ. स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा बारीक असेल तर ऐंशीच्या वर जाऊ नकोस, पंक्चर लगेच काढून घे.

गंमत म्हणजे 'स्टेपनी' हे वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचं नाव. १९०४ साली तिथल्या डेव्हिस भावांनी जादा चाकाचा धंदा काढला. आपण ते नाव अजून सोडलेलं नाही. हल्ली काही गाड्यांत तर स्टेपनीच नसते, नुसता पंप आणि पंक्चर काढायचं सामान. तुझ्या गाडीत आहे, मी बघितलंय.

माणसं गोळा होतीलच. "ताई, सरका, आम्ही करतो." मदत घे, त्यात कमीपणा कसला? दगड लावू देत, टॉर्च धरू देत, पण पाना देऊ नकोस. तो गेला की तूही पर्स धरून उभी.

रात्र असेल, जागा आडबाजूची असेल, मन नको म्हणत असेल, तर मात्र हे सगळं विसर. काचा वर, दारं बंद, आणि तशाच बसक्या चाकावर हळूहळू उजेडातल्या पंपापर्यंत जा. टायर फाटेल, रिम वाकेल. वाकू दे, पैसे मी देईन.

रविवारी सकाळी तुमच्या पार्किंगमध्ये येते. चारही चाकं तू काढायचीस, मी नुसती बघणार. जुना ड्रेस घाल, ओढणी नको. आणि शनिवारी पंपावर गेलीस की त्या पोराला सांग, चार नाही, पाच चाकांत हवा भर. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं आहे.