मलिक अंबरची खडकी

निलंग्याहून औशास गेले म्हणजे तेथील भुईकोट किल्ला दृष्टीस पडतो. या किल्ल्यावर काही काळ मलिक अंबरचा अंमल होता. हा पुरुष मूळचा दख्खनचा नव्हे. सुमारे १५४८ साली आफ्रिकेतील इथिओपिया देशात त्याचा जन्म झाला. तिकडच्या लोकांना आपल्याकडे हबशी म्हणत.

लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि एका धन्याकडून दुसऱ्याकडे जात बगदादला पोहोचला. जन्माचे चापू हे नावही त्याच्यापाशी उरले नाही. धन्याने त्याला अंबर म्हटले. अंबर हे एक सुगंधी द्रव्य. गुलामांना अशी मौल्यवान वस्तूंची नावे देत.

पुढे तो दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. नवल असे, की हा पेशवाही हबशी आणि पूर्वीचा गुलामच होता! धनी निवर्तल्यावर अंबर बंधमुक्त झाला व सैन्यात शिरला. १६०० साली मोगलांनी अहमदनगर जिंकले, तेव्हा बुडत्या निजामशाहीला त्यानेच सावरले.

अंबर असा राज्याचा कारभार पाहत असता, १६१९ साली, आफ्रिकेतून पकडून नेलेली वीसहून अधिक माणसे अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरविण्यात आली. तेथे पुढे गुलामांची मुलेही कायद्याने गुलाम ठरू लागली. ती प्रथा १८६५ पर्यंत चालली. दख्खनेत गुलामाला सरदार होता येई, हे खरे. परंतु आईपासून तोडलेल्या मुलाचे दुःख दोन्हीकडे सारखेच.

१६१० साली अंबराने खडकी या खेड्याच्या जागी नगर वसविले. त्याच्या पक्षाच्या मराठा सरदारांनी तेथे वस्त्या केल्या. मालोजींचा मालपुरा, खेळोजींचा खेळपुरा, परसोजींचा परसपुरा, विठोजींचा विठापुरा! घरे झाली, पण पाण्याचे काय? उत्तरेकडील डोंगरउतारावर त्याने जमिनीखालून बोगदे खणविले. भूगर्भात झिरपलेले पाणी त्यांत गोळा होई व मंद उताराने आपोआप नगराकडे वाहत येई. हवा खेळावी आणि गाळ उपसता यावा, म्हणून ठिकठिकाणी उभी विवरे ठेविली होती. नगरात हे पाणी खापराच्या नळांतून हौदांत पडे. मोट नको, रहाट नको. सारे काम उताराचे! हीच नहर-ए-अंबरी.

१६२६ साली अंबर मृत्यू पावला. त्याची कबर खुलताबादेस आहे. खडकीचे पुढे फतेहनगर झाले, १६५३ साली औरंगाबाद आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर. नहरीला मात्र लोक अजूनही अंबरीच म्हणतात.